तो रेडिओ कुणाचा होता?

माझा खालाजाद भाऊ शिकागोत एका गोदामात काम करतो. काही वर्षांपूर्वी फोनवर त्यानं सांगितलं, जेवणाच्या सुटीत तिथले दोन वयस्कर कामगार रोज भांडतात. एक गोरा, दुसरा कृष्णवर्णीय. भांडणाचा विषय राजकारण नाही, धर्म नाही, तर रेडिओ. गोरा म्हणतो, आमच्या तरुणपणी एफएमवर रॉकचे अख्खे अल्बम लागायचे, कंपन्यांनी ते सगळं मारून टाकलं. दुसरा विचारतो, तुमच्या त्या रेडिओवर आम्ही होतो कुठे?

मी अमीन सयानींच्या आवाजावर वाढलेला माणूस. मला दोघांचंही काही कळेना. पण दुसऱ्याचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

१९६०च्या दशकात अमेरिकेत रेडिओ म्हणजे एएम. चाळीस गाजलेली गाणी, प्रत्येक साधारण तीन मिनिटांचं, दिवसभर फिरवून फिरवून. एफएमचा आवाज स्वच्छ होता, पण ऐकणारे कमी. त्यामुळे मालक एएमचाच कार्यक्रम एफएमवर सोडून द्यायचे. सरकारी नियामक मंडळानं यावर बंधन आणलं: मोठ्या शहरांत एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ एएमची नक्कल चालणार नाही. १९६७च्या सुरुवातीला हा नियम लागू झाला आणि मालकांपुढे रिकामे तास उभे राहिले. ते स्वस्तात भरायचे होते. रॉकच्या चाहत्यांना आपल्या सुवर्णकाळाची ही बाजू फारशी आवडत नाही. ते स्वातंत्र्य कुणाच्या दिलदारीतून आलं नव्हतं, भरायला काही नव्हतं म्हणून आलं.

सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स नावाचं एक डबघाईला आलेलं केंद्र होतं. परदेशी भाषांतल्या कार्यक्रमांना वेळ विकून ते तग धरून होतं. टॉम डोनाह्यू या निवेदकानं तिथं फोन लावला तर फोनच कापलेला निघाला, असं सांगतात. त्यावरून त्यानं ओळखलं की इथं आपलं ऐकून घेतील. एप्रिल १९६७मध्ये तो तिथं रुजू झाला. पुढे जे घडलं ते रेडिओत तोवर फारसं घडलं नव्हतं: कोणती तबकडी लावायची हे निवेदक ठरवू लागला. ब्लूज, मग लोकगीत, मग रविशंकरांची सतार, मग बीटल्स. त्याच जूनमध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. त्यातलं एकही गाणं तेव्हा सुटी तबकडी म्हणून निघालं नव्हतं. ते अल्बम म्हणूनच ऐकायचं होतं. ग़ज़ल शिकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नुसता मतला ऐकून कुणी मैफलीतून उठत नाही.

न्यूयॉर्कमध्ये रॉस्को नावाचा कृष्णवर्णीय निवेदक होता. त्याच्या केंद्रानं १९६७मध्येच गाण्यांची यादी हातात द्यायला सुरुवात केली. त्यानं चालू कार्यक्रमात, श्रोत्यांच्या साक्षीनं राजीनामा दिला आणि डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर गेला. या माणसाविषयी वाचताना मी बराच वेळ थांबलो. सुरुवातीच्या त्या मोकळ्या रेडिओच्या मोठ्या आवाजांपैकी एक आवाज गोरा नव्हता, हे नंतरचे चाहते विसरूनच गेले.

मग पैसा आला. एफएमचे श्रोते वाढले, जाहिराती वाढल्या, आणि निवेदकाच्या मर्जीवर एवढा पैसा सोडायचा कसा, असा प्रश्न मालकांना पडला. ली अब्राम्स या तरुण सल्लागारानं सत्तरच्या दशकात उत्तर दिलं: ठरावीक कलाकार, ठरावीक गाणी, श्रोत्यांच्या चाचण्या. लोकांना फोन करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि आवडलं का विचारायचं, ही पद्धतही या धंद्यात रुळली. म्हणजे पुन्हा मतलाच! ओळखीचं गाणं पास, अनोळखी नापास. देशभरातली डझनावारी केंद्रं या साच्यात बसली.

साचा गोऱ्या तरुण पुरुषांसाठी कापलेला होता. कृष्णवर्णीयांचं संगीत ज्या ब्लूजमधून आलं त्याच ब्लूजमधून रॉकही आलं, पण यादीत जिमी हेंड्रिक्स तेवढा उरला. बाकीच्यांसाठी 'हे आमच्या श्रोत्यांचं नाही' एवढं म्हणणं पुरे होतं. वाईट काही बोलावं लागत नाही. यादीत नाव नसलं की झालं. हे वाक्य लिहिताना मला अमेरिकेबाहेरच्याही बऱ्याच याद्या आठवल्या.

१२ जुलै १९७९ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर हे उघड्यावर आलं. स्टीव्ह डाल या निवेदकाची नोकरी त्याचं आधीचं केंद्र डिस्कोकडे वळल्यामुळे गेली होती. आता तो डब्ल्यूएलयूपी या रॉक केंद्रावर होता. योजना अशी: डिस्कोची एक तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये बेसबॉल बघा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवला गेला, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या रात्री तिथं काम करणारा कृष्णवर्णीय मुलगा, पुढे हाउस संगीताचा निर्माता झालेला व्हिन्स लॉरेन्स, यानं नंतर सांगितलं की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेले कृष्णवर्णीय गायकही होते. डालनं वर्णद्वेषाचा आरोप कायम नाकारला. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. ढिगात काय होतं हे मात्र पाहणाऱ्यानं पाहिलं.

कंपन्यांची गोष्टही खोटी नाही. १९९६पूर्वी एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त ४० केंद्रं ठेवता येत. त्या वर्षीच्या कायद्यानं ही मर्यादा काढली आणि काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे १,२००हून जास्त केंद्रं जमा झाली. एका शहरात ध्वनिमुद्रित केलेलं निवेदन दुसऱ्या शहरात 'स्थानिक' म्हणून वाजू लागलं. डब्ल्यूएनईडब्ल्यूनं १९९९मध्ये रॉक सोडलं, बॉस्टनचं डब्ल्यूबीसीएन २००९मध्ये गेलं. पण लॉस एंजेलिसचं लाडकं केएमईटी १९८७मध्येच बंद झालं होतं, या कायद्याच्या नऊ वर्षं आधी. तेव्हा गोऱ्या कामगाराला कंपन्या दिसतात त्या खऱ्याच, पण त्याला त्याआधीची यादी दिसत नाही. त्या यादीत त्याची सगळी आवडती गाणी होती ना!

भावाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. त्यानं ते त्या दोघांना सांगितलं की नाही, माहीत नाही. एवढं मात्र विचारलं, गोदामात हल्ली कोणतं केंद्र लावतात? तो हसला. म्हणाला, कुठलंच नाही, प्रत्येकाच्या कानात आपापला इअरफोन असतो. सुटी झाली की ते दोघे काढतात, भांडायला.