विजयदुर्गाची दंतकथा आणि पुण्याचा आरसा

विजयदुर्गावरील ‘साहेबाचे कट्टे’ पाहणाऱ्यास एक कथा हमखास ऐकावयास मिळते : 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध येथेच लावला. कथा सुरस आहे. परंतु लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होते. सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तेथूनच पाहिली. विजयदुर्गास ते आले 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांचाही या कथेवर थोडा जीव आहे.

याच ग्रहणाच्या वेळी सोलापूरकडील जेऊर येथे दुसरी एक छावणी पडली होती. तिचे प्रमुख होते पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांच्याभोवती मात्र दंतकथा जमली नाही.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली. 1888 साली ती सिद्ध झाली. तिच्यासाठी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून आलेली 20 इंची परावर्ती दुर्बीण अनेक दशके देशात सर्वांत मोठी होती. भिंगाऐवजी आरसा का? भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकत्र येतात. आरसा सर्व रंग एकाच बिंदूत आणतो. वर्णपट अभ्यासणाऱ्यास ही मोठीच सोय. शिवाय अंधुक तेजोमेघासाठी लागणारा मोठा व्यास आरशात तुलनेने स्वस्तात साधतो. आजचा हौशी आकाशछायाचित्रकार सहा-आठ इंची न्यूटनी दुर्बीण निवडतो, त्यामागेही हीच कारणे असतात. अर्थात आरसे वरचेवर एका रेषेत आणावे लागतात, आणि तारकांच्या गतीने फिरणारी भक्कम बैठक नसेल तर मोठा आरसाही छायाचित्रास निरुपयोगी ठरतो. काचेवरील चांदीचा थर दमट हवेत काळवंडे. आता ॲल्युमिनियमचा लेप असतो, तरी कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात त्यालाही जपावेच लागते.

या आरशाचे खरे मोल कळते ते मृगातील तेजोमेघाच्या वेधातून. त्याच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. नायगमवालांना ती बारीक आणि रेखीव दिसली, आणि 1891 साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. युरोपातील ज्येष्ठ संशोधकाच्या सिद्धान्ताविरुद्ध वसाहतीतील एका अध्यापकाने दिलेली ही साक्ष होती. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी 1927 साली दाखविले.

1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली : देणगीदाराचे नाव टिकले, वेध घेणाऱ्याचे पुसले.

पाठचिकित्सा शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना प्रक्षिप्त ओळ ओळखण्याची सवय असते. तीच दृष्टी विजयदुर्गाच्या कथेकडे वळविण्यास हरकत नसावी. 1868 ची ओळ गाळल्याने किल्ल्याचे काही उणे होत नाही. 1898 चा मान त्याच्याकडे आहेच. त्या मोकळ्या जागेत जेऊर आणि पुणे ही दोन नावे मात्र लिहिता येतील.