वणव्याचा धूर आणि उपग्रहाचे मौन

१/ दहिसर नदी ज्या राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, त्याच उद्यानालगत गोरेगाव पूर्वेच्या डोंगरावर ३ डिसेंबर २०१८ रोजी सायंकाळी वणवा पेटला आणि रात्री उशिरापर्यंत जळत राहिला. त्या धुराचा इतिहास लिहायचा, तर साधन कोणते?

२/ पहिले उत्तर सुचते ते उपग्रहचित्रांचे. ‘टेरा’ १९९९ मध्ये आणि ‘ॲक्वा’ २००२ मध्ये अवकाशात गेला. दोहोंवरील ‘मोडिस’ हे उपकरण धुराचा पट्टा टिपते आणि आगीची उष्णताही नोंदवते. या नोंदींच्या आधारे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून वणव्यांच्या सूचना देऊ लागले.

३/ जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी कित्येक दिवस जळत होती. तिचा धूर उपग्रहाने टिपला.

४/ गोरेगावचा वणवा मात्र सूर्यास्ताच्या सुमारास पेटला. तेव्हा टेरा साधारण सकाळी साडेदहाला येत असे, ॲक्वा दुपारी दीडला. रात्रीच्या फेरीत उष्णता कळू शकते; पण धूर दाखवणाऱ्या रंगीत चित्राला सूर्यप्रकाश लागतो.

५/ म्हणून चित्रात धूर नाही, यावरून धूर नव्हताच असे ठरत नाही. बखरीला आपण विचारतो : कोणी लिहिली, केव्हा, कोठून पाहून? हेच प्रश्न उपग्रहालाही विचारावेत.

६/ त्या रात्रीचा धूर शोधायचा तो अग्निशमन दलाच्या नोंदींत, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आणि पायथ्याच्या रहिवाशांच्या आठवणींत. पहिली दोन साधने कदाचित टिकतील. आठवणी मात्र आजच लिहून घ्यायला हव्यात.