राजवाड्याची उंची आणि शिडीचा माथा

इंदूरच्या राजवाड्यासमोर प्रथमच उभा राहणारा मनुष्य मान वर करतो, ती बराच वेळ खाली करीत नाही. सात मजल्यांचा तो दर्शनी भाग, त्यातील खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मराठी, मोगली आणि फ्रेंच अशा तीन वळणांची खूण त्यावर उमटलेली आहे. शिल्पाचा रसिक त्यातील झरोके, महिरपी आणि कोरीव हस्त पाहून प्रसन्न होतो. परंतु तोच दर्शनी भाग एखाद्या सुताराला किंवा गवंड्याला दाखवावा. त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो निराळाच. येथे शिडी लावावयाची कोठे?

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. शिडीला सपाट, भक्कम भिंत लागते. राजवाड्याच्या वरच्या मजल्यांवर तशी भिंत जवळजवळ नाहीच. एक सज्जा पुढे आलेला, त्याच्या खाली हस्त, दोन हस्तांमध्ये पोकळी, त्याच्यावर झरोका, झरोक्याला बारीक जाळी. शिडीचे दोन्ही दांडे एकाच वेळी टेकतील अशी हातभर जागा सापडणे कठीण. एक दांडा टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला, तर वर चढलेल्या माणसासह शिडी स्वतःभोवती फिरते. बांधणारा आपल्या वास्तूची शोभा ज्या ज्या ठिकाणी वाढवितो, नेमक्या त्या त्या ठिकाणी तिची देखभाल करणाऱ्याचा पाय घसरण्याची तो सोय करून ठेवतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि या वास्तूला देखभालीची गरज इतरांहून अधिक पडली. मल्हारराव होळकरांनी इ. स. १७४७ मध्ये राजवाड्याच्या कामास आरंभ केला. पुढे इ. स. १८०१ मध्ये शिंदे-होळकरांच्या यादवीचा वणवा माळव्यात पेटला. जुलै महिन्यात यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्याचा सूड घेण्यासाठी ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आला. त्याने शहर लुटले, जाळले. राजवाडाही त्या आगीतून सुटला नाही. दुसरे मल्हारराव गादीवर असताना तो पुन्हा उभारण्यात आला. या उभारणीशी तात्या जोग या कर्त्या दिवाणाचे नाव जोडलेले आहे. इ. स. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महेश्वर मागे पडून इंदूर ही होळकरांची राजधानी झाली, आणि राजवाड्याला खरी राजधानीची प्रतिष्ठा आली. इ. स. १९०८ मध्ये त्याला पुन्हा आग लागली. तिसरी आग इ. स. १९८४ च्या दंगलींतील. तिच्यात मागचा बहुतेक भाग जळून गेला आणि सात मजल्यांचा दर्शनी भाग तेवढा उभा राहिला.

लाकडाला दोन शत्रू, पाणी आणि अग्नी. पाण्याशी झगडा दरवर्षीचा. पावसाळ्याआधी सांधे तपासावे लागतात, पन्हळी साफ कराव्या लागतात, तेल-रंगाचा हात द्यावा लागतो. अग्नीशी झगडा पन्नास-पाऊणशे वर्षांतून एकदा, पण तो घटकाभरात निकालात निघतो. दोन्ही झगड्यांत माणसाला वर चढावे लागते, आणि चढण्याचे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिडी.

मराठी भाषेत या साधनाला नावे थोडी नाहीत. शिडी आहे, निसण आहे, आणि दोराची असेल तर माळ. भीमाशंकरला कोकणातून चढणाऱ्या एका वाटेचे नावच शिडी घाट. गड घेण्याच्या जुन्या हकीकतींत ‘माळ लावणे’ हा शब्दप्रयोग येतो, तो याच दोराच्या शिडीसाठी. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कडा चढून गेले, ही कथा मराठी मुलाला पाळण्यातच ऐकू येते. त्यातील घोरपड पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत ती नाही. इतिहासकारांचा कल दोराच्या शिडीकडे आहे. पण घोरपड असो वा नसो, त्या कथेत एक गोष्ट मात्र शंभर नंबरी खरी आहे. दोराची माळ खाली कितीही मजबूत वळलेली असली, तरी तिचा सगळा भरवसा वरच्या गाठीवर. प्रथम कोणीतरी एकाने जिवावर उदार होऊन वर जावे, बुंधा किंवा खडक पाहून दोर बांधावा, मग बाकीच्यांनी चढावे. शिडीच्या इतिहासातला जो मोठा प्रश्न, माथा कसा धरून ठेवावा, तो येथे अगदी उघडा पडतो.

होळकरांच्याच इतिहासात शिडीच्या दुसऱ्या दुखण्याचे, सांध्याचे, एक लक्षात राहण्याजोगे उदाहरण आहे. इ. स. १८०५ च्या आरंभी यशवंतराव होळकर भरतपूरच्या आश्रयाला होते. भरतपूरचा राजा रणजितसिंह जाट याने इंग्रजांचा जनरल लेक याला किल्ल्याच्या मातीच्या तटाखाली रोखून धरले होते, आणि होळकरांची घोडदळे बाहेरून इंग्रजी छावणीला सतावीत होती. २१ जानेवारीला लेकने दुसरा हल्ला चढविला. तटाला खिंडार पडले होते, पण वाटेत खंदक. तो ओलांडण्यासाठी उचलून नेता येईल असा पूल तयार करण्यात आला होता. पूल खंदकापाशी नेला तेव्हा तो आखूड पडला. लांबी वाढविण्यासाठी घाईने एक शिडी त्याला जोडण्यात आली. ती टिकली नाही, आणि वरून गोळीबार चालू असताना हल्लेखोरांना माघार घ्यावी लागली. फेब्रुवारीतील आणखी दोन हल्लेही वाया गेले. भरतपूरच्या त्या यशात जाटांचे शौर्य आणि होळकरांची दौड यांचा वाटा मोठा. पण खंदकाची रुंदी नीट न मोजणाऱ्या आणि ऐन वेळी शिडीला शिडी जोडू पाहणाऱ्या शत्रूनेही त्यात थोडी भर घातली, हे नाकारता येत नाही.

मापाची ही चूक जुनी आहे. इ. स. पू. २१७ मध्ये मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप मेलिटिया या गावावर रात्री चालून गेला. गाव बेसावध होते, पण शिड्या तटाहून आखूड निघाल्या आणि बेत फसला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने ही फजिती नोंदवून सेनापतींसाठी एक नियमच घालून दिला. तट दहा माप उंच असेल तर शिडी चांगली बारा माप असावी, आणि तिचा पाय तटापासून शिडीच्या निम्म्या लांबीइतका दूर ठेवावा. या हिशेबाने शिडी जमिनीशी साठ अंशांचा कोन करते. आजचा संकेत याहून खड्या शिडीचा आहे. चार हात उंचीला एक हात अंतर, म्हणजे सुमारे पंचाहत्तर अंश. शत्रूला वरून शिडी ढकलता येऊ नये म्हणून सैनिकाला ती तिरपी हवी. रंगाऱ्याला असा शत्रू नसतो. त्याचा वैरी म्हणजे गुळगुळीत फरशी.

शिडीचे वागणे येथे थोडे समजून घेण्यासारखे आहे. माणूस खालच्या पायऱ्यांवर असतो तेव्हा त्याचे वजन शिडीच्या पायावर पडते आणि पाय जमिनीला धरून राहतो. तो वर जाऊ लागला की शिडीचा माथा भिंतीला जास्त जोराने रेटू लागतो, आणि तितक्याच जोराने पाय मागे सरकू पाहतो. म्हणजे खाली दोन-चार पायऱ्या चढून ‘शिडी पक्की आहे’ असा जो निर्वाळा आपण देतो, त्याला फारसा अर्थ नाही. परीक्षा होते ती शेवटच्या पायऱ्यांवर, जेथे हात कामात गुंतलेले असतात.

शिडी सरकती, म्हणजे एकावर एक सरकून लांब होणारी, झाली तेव्हा प्रश्न आणखी वाढले. या शिडीचा विकास मुख्यतः आगीच्या बंबांबरोबर झाला. (बंब हा आपला शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला.) लंडनमध्ये इ. स. १८३६ च्या सुमारास एब्राहम विव्हेल नावाच्या एका चित्रकाराने चाकांवर चालणारी सुटकेची शिडी तयार केली. मुख्य शिडीला वर उलगडणारी दुसरी शिडी, आणि खाली किंतानाचा लांब झोळ, त्यातून माणसांनी घसरत उतरावयाचे. जर्मनीतील उल्म शहरी कॉनराड डीट्रिश मागिरुस याने इ. स. १८७२ मध्ये दोन चाकांची सरकती शिडी केली. तिचा मोठा गुण असा की ती भिंतीच्या आधारावाचून उभी राहू शके. जळती भिंत हा काही भरवशाचा टेकू नव्हे, हे त्याने ओळखले होते.

शिडी अपुरी पडणे म्हणजे काय, हे लंडनला इ. स. १९०२ मध्ये भोगावे लागले. क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या तरुण मुली खिडकीत अडकल्या, आणि शिडी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. कित्येकींचा तेथेच अंत झाला. त्यानंतर तेथील अग्निशामक दलाने फ्रान्समध्ये आधीपासून चालत आलेली आकड्याची शिडी स्वीकारली. हिच्या माथ्याला लोखंडी आकडा असतो. जवानाने तो वरच्या खिडकीच्या उंबऱ्यात अडकवावा, चढून उंबऱ्यावर मांड टाकावी, शिडी ओढून घ्यावी आणि पुढच्या मजल्याला अडकवावी. दोराच्या माळेची वरची गाठ येथे लोखंडाची झाली, इतकेच. तथापि उंबरा दगडाचा हवा. राजवाड्याच्या वरच्या चार मजल्यांवर, जुन्या लाकडाच्या झरोक्यात असा आकडा घालणे म्हणजे माणसाचा आणि झरोक्याचा, दोघांचाही जीव धोक्यात घालणे.

याच माथ्याच्या प्रश्नावर अलीकडच्या काळात जी साधी तोड निघाली आहे, ती राजवाड्यासारख्या इमारतींच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शिडीच्या वरच्या टोकाला धातूचा एक जोड बसवितात; मराठीत त्याला आडवे टेकण म्हणता येईल. त्याचे दोन हात शिडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आणि पुढे आलेले असतात, टोकांना रबराच्या जाड गाद्या असतात. शिडी दीड फूट रुंद असली तरी टेकणाची दोन टोके त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर टेकतात. त्यामुळे मधली खिडकी टाळता येते आणि शिडी फिरण्याची भीती कमी होते. शिवाय माथा भिंतीपासून फूटभर दूर राहतो, म्हणून पन्हळ किंवा नक्षीची पट्टी दबत नाही, आणि कारागिराला काम अंगाशी न येता हातासमोर येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. माथा फूटभर पुढे आला की पायही भिंतीपासून फूटभर अधिक मागे घ्यावा लागतो. तसे केले नाही तर शिडी नको तितकी खडी होते आणि माणूस पाठीवर जातो.

पायासाठीही जोड निघाले आहेत. एक पाय उतरत्या पायरीवर आणि दुसरा वरच्या पायरीवर असेल, तर कमीजास्त होणारा पाय लावून शिडी समपातळीत आणता येते. छपरावर उतरणाऱ्यासाठी माथ्याला दोन उंच कठडे बसवितात. त्यांच्या मधून सरळ पाऊल टाकता येते, शिडीला वळसा घालून उतरावे लागत नाही. घात होतो तो बहुधा या वळशातच. असा कठडा नसेल तर शिडी छपराच्या कडेवर निदान तीन फूट उंच असावी, हा सर्वमान्य नियम. आणि सरकत्या शिडीच्या दोन भागांचा एकमेकांवरील चढाव, छत्तीस फुटांपर्यंतच्या शिडीला, तीन फुटांहून कमी नसावा. भरतपूरच्या खंदकावर जे टिकले नाही, ते याच तीन फुटांत दडलेले आहे.

टेकण म्हणजे जादू नव्हे. कुजलेल्या तुळईला ते टेकविले तर दोन गाद्या दोन ठिकाणी लाकूड दाबतील, एवढाच फरक. सात मजल्यांच्या उंचीला तर हातशिडीचे कामच नाही. तेथे परांची हवी. इ. स. १९८४ नंतर राजवाड्याचा मागचा भाग बरीच वर्षे पडका राहिला. उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने इ. स. २००६ पासून तो जुन्याच धर्तीवर, जुन्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा उभारण्यात आला. परांची भिंतीवर भार टाकत नाही, आपल्या पायांवर उभी राहते. पण ती बांधावयास दिवस लागतात आणि पैसाही लागतो. म्हणून परांची येते ती जीर्णोद्धाराच्या वेळी. एखादी कौलाची फट, एखादी निसटलेली पन्हळ, वाड्याच्या अंगणातला एखादा बंद पडलेला दिवा, यांसाठी कोणी परांची बांधीत नाही. अशी कामे शिडीवरच होतात.

राजवाड्याभोवतीच्या जुन्या पेठांतून दिवाळीच्या आधी रंगकाम निघते. जुन्या पेठांतील रंगाऱ्याची शिडी बहुधा बांबूची, काथ्याने आवळलेली. भिंतीवर ओरखडा उठू नये आणि माथा घसरू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना गोणपाट गुंडाळलेला असतो, आणि खाली एक पोरगा दोन्ही दांडे धरून, वर पाहत उभा असतो.