एकास सदतीस : बोरघाटातील लोहमार्ग आणि रेषेच्या चढाचे गणित

ठाण्याच्या वर्तकनगर परिसरातून येऊरच्या डोंगराकडे पायी जाणाऱ्यास चढ म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळते. परंतु निर्देशक भूमितीत 'रेषेचा चढ' ही संज्ञा आली की तोच विद्यार्थी सूत्र पाठ करू लागतो. वस्तुतः या संज्ञेचा एक भव्य प्रयोग ठाणे-कल्याणच्या पलीकडे दगडात कोरला गेला आहे. त्याचा इतिहास गणिताच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांनी एकत्रित पाहण्यासारखा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला. १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. इथवरची भूमी बहुतांशी सपाट होती. कल्याणहून मात्र दोन वाटा फुटत होत्या, एक थळघाटाकडे आणि दुसरी बोरघाटाकडे, आणि दोन्हींच्या पुढे सह्याद्री उभा होता. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये खुला झाला, तरी मधला घाट अपुराच होता. प्रवाशांना तो पालखीने वा तट्टावर बसून ओलांडावा लागे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाकाचे घर्षण अल्प असते. हा मार्गाचा गुण असला तरी घाटात तोच दोष ठरतो. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यात सर्वांत कडक चढ सदतीस फुटांस एक फूट असा होता. या चढावर एक टन वजनाला सुमारे सत्तावीस किलो वजनाइतकी ओढ सतत मागे खेचत असते. गणिताच्या भाषेत येथे चढ म = १/३७ होय. पायथ्याचा बिंदू आरंभबिंदू मानल्यास मार्गाचे समीकरण य = क्ष/३७ असे येते. रुळाची लांबी मोजली काय किंवा आडवे अंतर मोजले काय, एवढ्या सौम्य चढावर फरक दहा हजारांत चार भागांहूनही कमी पडतो. चढासाठी 'म' हे अक्षर का योजले गेले, याचे समाधानकारक उत्तर नाही. चढणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते आले असे सांगितले जाते, पण त्यास आधार नाही. इंग्रजी ग्रंथांत ते मॅथ्यू ओब्रायन यांच्या १८४४ च्या पुस्तकात आढळते, म्हणजे ठाण्याची गाडी धावण्यापूर्वी जेमतेम नऊ वर्षे.

बोरघाटाची एकूण चढण १,८३१ फूट आणि मार्गाची लांबी पावणेसोळा मैलांहून किंचित अधिक. भागाकार केल्यास सरासरी चढ सुमारे छेचाळीसास एक असा येतो. अर्थात संपूर्ण घाट ही एक सरळ रेषा नव्हे. निरनिराळ्या चढांचे तुकडे एकापुढे एक जोडलेले आहेत.

समांतर रेषांचा नियम येथे सहज दिसतो. शेजारी दुसरा मार्ग त्याच चढाने काही फूट उंचावर नेला, तर समीकरण य = क्ष/३७ + क एवढेच बदलते; 'म' तोच राहतो. लंब रेषांचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. विद्यार्थी पुष्कळदा केवळ चिन्ह बदलून लंबाचा चढ लिहितात. ही चूक दाखविण्यास खंडाळ्याजवळील जुने दिशाबदल स्थानक उपयोगी पडते. तेथे गाडी थांबून उलट दिशेने पुढचा घाट चढू लागे. बाजूने काढलेल्या ढोबळ आकृतीत पहिल्या तुकड्याचा चढ १/३७ आणि दुसऱ्याचा −१/३७ धरला, तर या दोन रेषांमधील कोन जेमतेम तीन अंशांचा भरतो. काटकोनासाठी चिन्ह बदलून संख्या उलटावीही लागते : −३७. तेव्हाच गुणाकार −१ येतो.

गवंड्याच्या हाती ओळंबा आणि गुण्या अशी दोन साधने असतात, आणि घाटात ती एकच उत्तर देत नाहीत. चढत्या रुळाला गुण्या लावून सदतीस फुटी खांब उभारला, तर त्याचा माथा उताराकडे एक फूट झुकेल. म्हणून सेतूचे खांब ओळंब्याने उभारावे लागतात. ओळंब्याच्या रेषेचा चढ मात्र सांगताच येत नाही, कारण आडवे अंतर शून्य असते. सपाट स्थानकातील रूळ व ओळंबा परस्परांस लंब असूनही गुणाकाराचा नियम तेथे लागू पडत नाही. हा अपवाद वर्गात सहसा घाईने उरकला जातो.

या आकड्यांची किंमत मजुरांनी मोजली. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे घाटात राबत होती. रोगराई आणि अपघात यांत असंख्य दगावले. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून दंगल झाली. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच आजाराने निवर्तले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट वाहतुकीस खुला झाला. पुढे जुलै १८६७ मध्ये घाटातील एक मोठा दगडी सेतू कोसळला. मजुरांची नावे कोणत्याही समीकरणात नाहीत, आणि अभियंत्यांच्या गौरवपर लेखनातही ती क्वचितच आढळतात.

दिशाबदल स्थानक १९२९ मध्ये नव्या बोगद्यांच्या मार्गामुळे निरुपयोगी झाले. घाट मात्र आजही तितकाच उभा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात.