दळण आणि धीर

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या सोशिकपणाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात सोसणे म्हणजे गप्प राहणे असे एक गृहीत बहुधा दडलेले असते. जात्यावरच्या ओव्यांचा इतिहास या गृहीताला छेद देतो. निदान आठ-नऊ शतके या प्रदेशातील बायका रोज पहाटे ज्या कष्टाला जुंपल्या जात होत्या, त्याच कष्टाच्या लयीवर त्या आपली गाऱ्हाणी, आपली कृतज्ञता आणि आपले शोक मोठ्याने गात होत्या. त्यामुळे त्यांच्या धीराची घडण समजून घ्यायची असेल तर ती मौनात न शोधता या गाण्यात शोधावी लागते.

या गाण्याचे मूळ एका अवजारात आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उत्खननात उजेडात आली, तिथल्या लोकांकडे फिरते जाते नव्हते. खोलगट दगडावर दुसरा दगड मागेपुढे रगडून ते धान्य भरडत असत. एकावर एक बसणाऱ्या दोन वाटोळ्या दगडांचे फिरते जाते दख्खनमध्ये पुष्कळ नंतर, सातवाहनांच्या काळाच्या आसपास दिसू लागते, आणि त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षे त्याच्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. काळ्या पाषाणाची खालची तळी स्थिर असते, तिच्या मध्यावर खुंटी बसवलेली असते, त्या खुंटीभोवती वरची तळी फिरते आणि ती फिरवण्यासाठी तिच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो. वरच्या तळीच्या तोंडात मूठ-मूठ धान्य सोडणे म्हणजे वैरण घालणे. वैरण जास्त पडली की पीठ जाडेभरडे येते, कमी पडली की दगडावर दगड घासतो. म्हणून दळणारीचा एक हात खुंट्यावर आणि दुसरा सुपाकडे, आणि या दोन्ही हातांचा मेळ अंधारातही चुकता कामा नये. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरखरीत करायचा.

हे काम रोजच्या रोज का करावे लागे, आठवड्यातून एकदा का उरकत नसे, याचे उत्तर बऱ्याच अंशी धान्यात आहे. देशावरच्या कोरडवाहू मुलखाचे अन्न ज्वारी आणि बाजरीचे. बाजरीत तेलाचा अंश पुष्कळ असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, आणि ज्वारीची भाकरीही ताज्या पिठाचीच नीट थापली जाते, कारण शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही व भाकरी तुटते. त्यामुळे पाऊस असो, थंडी असो, अंगात कणकण असो, की घरात कालच कुणाचे मरण झालेले असो, उद्याची भाकरी उद्याच्या पहाटेच्या दळणावर अवलंबून असे. मोठ्या कुटुंबाचे दळण कोंबडा आरवण्याआधी सुरू होई आणि उजाडेपर्यंत चाले. त्यानंतर पाणी, चूल, शेण, शेत हा दिवस वेगळाच. धीर हा शब्द अशा जगण्याच्या संदर्भात वापरताना त्याच्यामागे निवड नव्हती, सक्ती होती, हे आधी कबूल केले पाहिजे. मात्र त्या सक्तीच्या आत बायकांनी जे घडवले ते सर्वस्वी त्यांचे होते.

या घडणीचा सर्वात जुना लेखी पुरावा राजदरबारातून आला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. त्यातील गायनाच्या प्रकरणात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कांडण म्हणजे उखळात मुसळाने धान्य कुटून त्याचा कोंडा वेगळा करणे. म्हणजे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या 1290 सालाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच ओवी हे बायकांच्या कामाचे गाणे म्हणून दूरच्या राजधानीतही ठाऊक होते. मराठीतील ग्रंथांची ओवी या उखळा-जात्यावरच्या ओवीतून वर आली, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगताना हे ऋण एका वाक्यात उरकले जाते, ते अधिक ठळकपणे सांगितले जायला हवे.

जात्यावरची ओवी आकाराने फार लहान असते. बहुतेक वेळा दोनच ओळी, पहिलीत एखादे दृश्य किंवा हाक आणि दुसरीत मनातली गोष्ट. हा लहानपणा कामातून आलेला आहे, कारण खुंटा ओढताना श्वास लांबवता येत नाही आणि दर काही फेऱ्यांनी वैरण घालायला हात मोकळा करावा लागतो. परंतु या आकाराचा एक परिणाम असा झाला की कोणतेही दुःख एका वेळी दोन ओळींहून अधिक जागा घेऊ शकत नसे. सासरचा जाच, आटलेली विहीर, न आलेला भाऊ, मेलेले वासरू, जे काही असेल ते दोन ओळींत बसवायचे, ती ओवी संपवायची आणि पुढच्या फेऱ्याला दुसरी घ्यायची. दुःख नाहीसे होत नसे, पण त्याला आकार मिळे, आणि त्याच्या लगोलग लेकीच्या कौतुकाची किंवा पंढरीच्या वाटेची ओवी येऊन बसे. जात्यावर बसले की ओवी सुचते ही म्हण गावोगाव रूढ आहे, आणि पुढे संग्राहकांनाही तिचा प्रत्यय आला: एरवी काही आठवत नाही म्हणणाऱ्या बाईच्या हाती खुंटा आला की ओव्या येऊ लागत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दळण जास्त असेल तर जात्याला दोघी समोरासमोर बसत आणि एकच खुंटा दोघींच्या हातात असे. अर्धा फेरा हिने ओढायचा, अर्धा तिने. या दोघी बहुधा सासू-सुना, जावा-जावा किंवा नणंद-भावजय असत. म्हणजे जिच्याविषयी गाऱ्हाणे करायचे ती पुष्कळदा खुंट्याच्या पलीकडच्या बाजूलाच बसलेली असे. एरवी जे तोंडावर बोलता आले नसते ते ओवीत बोलता येई, कारण ते परंपरेने आलेले गाणे असल्याचा आडोसा त्याला मिळे. आणि समोरचीही ओवीनेच उत्तर देऊ शके. दिवसभर एका चुलीपाशी वावरायचे आहे, फारकत घेण्याची सोय नाही, अशा नात्यांतला राग रोज थोडा थोडा मोकळा करण्याची ही रीत होती, आणि एकत्र कुटुंबाच्या इतिहासात तिची नोंद जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

ओव्यांचा आरंभ मात्र गाऱ्हाण्याने होत नसे. पहिल्या काही ओव्या क्रमांक घालून वाहिल्या जात, कुणी गणपतीला, कुणी ग्रामदेवतेला, कुणी विठ्ठलाला, आणि मग आई, बाप, भाऊ, गुरू, शेजारीण अशी माणसांची रांग लागे. खुद्द जात्यालाही देव मानून हाक मारली जाई. या कृतज्ञतेचे वैशिष्ट्य असे की ती नेमकी असते: जिने पहिलटकरणीला हात दिला ती शेजारीण, ज्याने दिवाळीला घेऊन जायला गाडी जुंपली तो भाऊ, ज्या आईने लेकीला काम शिकवले आणि जिच्या दुधाच्या बळावर आज खुंटा ओढता येतो ती आई. आयुष्य चांगले आहे, असे ओवी मोघमपणे म्हणत नाही. अमुक माणसाने अमुक केले, असे म्हणते. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे संत जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवले जाते त्याच्याभोवतीची कथाही याच भावनेतून वाढली आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईबरोबर विठ्ठल स्वतः दळायला बसला, ही कल्पना शतकानुशतके बायकांना इतकी जवळची वाटली, कारण त्या देवाकडून त्यांनी चमत्कार मागितला नव्हता, अर्धा फेरा ओढणारा एक हात मागितला होता.

दुःखाकडे अंतरावरून पाहण्यासाठी ओवीने सीतेचा आधार घेतला. जात्यावरच्या रामायणात रामाचा पराक्रम थोडा आणि सीतेचा वनवास फार आहे. गरोदरपणी घराबाहेर काढलेली सीता अरण्यात रडते, तिचे रडणे ऐकायला माणूस नाही, आणि काटेरी बोरी-बाभळीच बायका होऊन तिची समजूत घालतात, असे चित्र मराठवाड्यातील ओव्यांत येते. ते रचणाऱ्या बाईने वाल्मीकीचे रामायण वाचलेले नव्हते. तिने आपल्या बांधावरची झाडे सीतेभोवती उभी केली. या ओव्यांत राम निर्दोष ठरत नाही, उलट त्याच्याविषयी स्पष्ट नाराजी असते, आणि अभ्यासकांनी या भूमिकेकडे वारंवार लक्ष वेधले आहे. स्वतःचे दुःख सीतेच्या दुःखाशेजारी ठेवल्याने दोन गोष्टी साधत: आपल्यावर आलेले अपूर्व नाही, हे उमगे, आणि ते अन्यायाचे आहे हेही झाकले जात नसे. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हणही याच अनुभवातून आलेली. आज सुपात असलेला दाणाही थोड्या वेळाने जात्यातच जाणार, हे दळणारीच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते.

मृत्यूच्या ओव्या वेगळ्याच धाटणीच्या आहेत. आई गेल्यावर माहेर कसे परके होते, भाऊ असला तरी भावजयीच्या घरात पाय कसा अडखळतो, कपाळ मोकळे झालेल्या बाईकडे गाव कसे पाहते, हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत सांत्वनाची घाई नसते. बहिणाबाई चौधरी यांच्याकडे या परंपरेच्या प्रकाशात पाहणे उचित ठरेल. 1880 साली जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या शेतकरी बाईने दळताना, शेतात राबताना जी गाणी रचली, ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांच्यामुळे आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली, आणि 1951 साली बहिणाबाईंचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांची प्रतिभा असामान्य होती यात शंका नाही. परंतु दुःखाला तोंड देण्याची त्यांची जी रीत मराठी वाचकाला एकाएकी उगवलेली वाटली, ती हजारो जात्यांवर आधीपासून घोटली गेली होती.

ओवीतील सोशिकपणाला शरणागती समजणाऱ्यांनी दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या अवश्य पाहाव्यात. ज्या जागी आधी देवांची नावे येत त्या जागी या ओव्यांत भीमराव आणि रमाई येतात. 1956 सालचे धर्मांतर आणि त्याच वर्षीचे त्यांचे महापरिनिर्वाण हे सारे जात्यावर गायले गेले आहे. इथे कृतज्ञता परिस्थिती निमूट पत्करणारी नाही. परिस्थिती बदलून दाखवणाऱ्या माणसाप्रति ती आहे, आणि शोकसुद्धा पुढच्या पिढीच्या शिक्षणाची वाट दाखवणारा आहे. एकच छंद, एकच खुंटा, पण गाण्याची दिशा पार बदललेली.

विसाव्या शतकात आधी शहरांत आणि स्वातंत्र्यानंतर क्रमाने खेड्यांत पिठाच्या गिरण्या आल्या, तेल-इंजिनावरच्या आणि मग विजेवरच्या. बायकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. खांदे, कंबर आणि तळहात यांना शतकांनंतर मिळालेली ती सुटका होती, आणि ओवी संपली म्हणून हळहळणाऱ्या कुणालाही त्या सुटकेला कमी लेखण्याचा अधिकार पोहोचत नाही. ओवी कामाला बांधलेली असल्याने कामाबरोबर मागे पडली. लग्नघरी हळद दळताना जात्याला हळकुंड व आंब्याची पाने बांधून पूजा होते, तेवढ्यापुरती ती उरली.

संग्रहाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या खंडांतून त्या प्रसिद्ध केल्या, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. सर्वात विस्तृत काम मात्र पुण्यातून झाले: मूळचे फ्रेंच असलेले आणि पुढे भारतीय नागरिक झालेले गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरी गावांत, म्हणजे ज्या खोऱ्यातील लोकांनी धरणात जाणाऱ्या जमिनीसाठी 1921 साली सत्याग्रह केला होता तिथे, गरीब स्त्रियांच्या संघटनेचे काम करता करता ओव्या टिपायला सुरुवात केली. गावातल्याच बायका संग्राहक झाल्या आणि हा साठा हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेला. 1990 च्या दशकात संगीतसंशोधक बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या लोकांसमोर आणल्या. या साठ्यात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत: सीता, माहेर, भाऊ, विठ्ठल, भीमराव. जात्यावर मात्र त्या अशा वेगळ्या कप्प्यांत कधी आल्या नव्हत्या. भावाच्या मागोमाग सीता येई, सीतेच्या मागोमाग शेजारीण, आणि कोणती ओवी कुणाला उत्तर म्हणून आली हे खुंटा धरलेल्या दोघींनाच ठाऊक असे.