खिशातली हजेरी

जयपूरच्या बनी पार्कमधून बोलतो आहे. या मालिकेत आपण एरवी लढाया आणि सेनानी पाहतो. आजची गोष्टही गोळीचीच आहे, पण औषधाच्या गोळीची. एचआयव्हीसह जगणाऱ्या किशोरवयीन मुलांनी ती रोज घ्यावी म्हणून मोबाइलवरचे खेळ कसे आले, ते आज पाहायचे आहे. सुरुवात मात्र ब्रह्मदेशाच्या आघाडीपासून करावी लागेल.

1943 साली जनरल स्लिम यांनी चौदाव्या सेनेची सूत्रे हाती घेतली. या सेनेत बहुसंख्य जवान भारतीय होते. त्या वर्षी जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजाराने मागे गेलेले 120 जण होते. सर्वांत मोठा शत्रू हिवताप. त्यावर मेपॅक्रिनची पिवळी गोळी होती, पण तिने पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली आणि जवान ती टाळू लागले. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. पलटणीतल्या 95 टक्क्यांहून कमी जवानांच्या अंगात औषध सापडले, तर थेट कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचे. तिघांना हटवल्यावर बाकीचे समजले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. औषध असणे आणि औषध पोटात जाणे यांत मोठे अंतर असते. आणि ते अंतर तिथे हजेरीने मिटवले. सगळ्यांसमोर, एका रांगेत.

आता आपल्या विषयाकडे येऊ. भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा 1986 मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाने शोधला. औषधे पुढे आली, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला आणि जगाचे गणित बदलले. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम नोव्हेंबर 2006 मध्ये आला. पुढे केंद्रे वाढत गेली. बनी पार्कपासून काही किलोमीटरवर, सवाई मानसिंग रुग्णालयातही असे केंद्र आहे.

आईकडून जन्मतःच संसर्ग झालेली जी बाळे पूर्वी शाळेपर्यंतही पोहोचत नसत, ती आता दहावीला बसू लागली. हा मोठा विजय होता. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये एक विचित्र आकडा मांडला. 2005 ते 2012 या काळात एड्सने होणारे एकूण मृत्यू 30 टक्क्यांनी घटले, किशोरवयीनांमधले मात्र 50 टक्क्यांनी वाढले.

कारणे अनेक होती. कुणाची तपासणीच झालेली नव्हती, कुणापर्यंत उपचार पोहोचले नव्हते. आणि ज्यांना मिळत होते, त्यांच्यातही गोळी चुकत होती. लहानपणी आजी गोळी भरवते. चौदाव्या वर्षी मूल विचारते, मलाच का? सहलीला जायचे तर डबी कुठे लपवू? मित्राने पाहिली तर? गोळ्या चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

इथे स्लिम यांची पद्धत चालत नाही. पंढरपूरला मंगलताई शहा यांच्या पालवीत किंवा लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांच्या सेवालयात सगळ्या मुलांचे दुखणे एकच, म्हणून गोळी उघडपणे घेता येते. पण नातेवाइकांकडे, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाची रांग कुठे लावणार? त्याला हजेरी हवी, पण कुणाला न दिसणारी.

मोबाइलवरचे खेळ या प्रश्नापर्यंत हळूहळू पोहोचले. भारताने सुरुवात लवकर केली होती. 1 डिसेंबर 2005 रोजी, जागतिक एड्स दिनी, दिल्लीच्या झेडएमक्यू या संस्थेने रिलायन्सच्या साध्या हँडसेटवर खेळ आणले. ‘सेफ्टी क्रिकेट’, ‘रिबन चेस’, ‘क्विझ विथ बाबू’ अशी त्यांची नावे. काम धाडसाचे होते. पण ते खेळ संसर्ग नसलेल्यांना सावध करण्यासाठी होते. ज्याला संसर्ग आहे, तो मुलगा त्या खेळात खेळाडू नव्हता. ज्याच्यापासून जपायचे, तो धोका होता.

रुग्णालाच खेळाडू करण्याची कल्पना कर्करोगाकडून आली. 2006 मध्ये अमेरिकेतल्या होपलॅबने ‘री-मिशन’ हा संगणकावरचा खेळ काढला. 34 रुग्णालयांतल्या 375 किशोर व तरुण रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 2008 मध्ये निकाल आला: खेळ खेळणारे औषधे अधिक नेमाने घेत होते. त्यानंतर एचआयव्हीसाठी अमेरिकेतच ‘बॅटलव्हायरो’ तयार झाला. त्यात खेळाडू शरीरात शिरून विषाणूशी लढतो. सोबत गोळ्यांची एक इलेक्ट्रॉनिक डबी असते. ती उघडली की नाही याची नोंद होते आणि त्यानुसार फोनवर संदेश येतो. मिसिसिपी राज्यातल्या 61 तरुणांवर चाचणी झाली. एकूण गटात ठळक फरक पडला नाही. पण ज्यांनी औषध नुकतेच सुरू केले होते, त्यांच्या रक्तातले विषाणू अधिक घटले. रंगरूट असतानाच लागलेली शिस्त टिकते, हे फौजेत सगळ्यांना ठाऊक असते.

एक सैनिक म्हणून मला या खेळांची एक गोष्ट खटकते. त्यांत लढाई असते आणि शेवटी विजय असतो. एचआयव्हीच्या औषधोपचारात तसा विजयदिन अजून नाही. हे काम सीमेवरच्या चौकीचे आहे. पहारा नीट चालला तर काहीच घडत नाही, आणि काही न घडणे हेच यश. रक्तात विषाणू सापडणार नाही इतका दबून राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. लग्नाची स्वप्ने पाहणाऱ्या मुलामुलींना हे सांगणारा खेळ हवा.

मराठीत असा खेळ करायचा तर आपली घरे पाहावी लागतील. फोन बहुधा घरभर फिरतो. म्हणून खेळाच्या नावात आणि चित्रात आजाराचा मागमूस नको. गोळीची आठवण साध्या शब्दांत यावी. गोळी चुकली तर खेळातला गडी मरू नये. ज्याने आईवडील गमावले असतील, त्याला तो धडा पुन्हा नको. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. खेळ बनवणाऱ्यांनीही तो पाठ करावा.

आणि खेळामागे माणूस हवाच. समुपदेशक, आजी, शिक्षक, कुणीतरी. ब्रह्मदेशात जवानाची गोळी चुकली, तर जबाब कमांडिंग ऑफिसरला द्यावा लागे. आपण मात्र सगळा जबाब चौदा वर्षांच्या मुलाकडे मागतो. मोठ्यांनी आपली हजेरी आधी लावावी. माहितीसाठी सरकारची 1097 ही हेल्पलाइन मोफत आहे. नंबर लिहून ठेवा.