चिठ्ठी, आकडा आणि सोडत

सोलापुरास आमचें कांहीं काळ वास्तव्य असतांना नव्या पेठेच्या बाजूस सायंकाळीं फेरी होत असे. तेथें रस्त्याच्या कडेस एक लहानसें टेबल, त्यावर रंगीबेरंगी तिकिटांच्या ओळी आणि शेजारीं मागील सोडतीच्या निकालाचा कागद, असा एका विक्रेत्याचा संसार मांडलेला असे. त्या कागदाभोंवतीं चार-पांच माणसें नित्य उभीं दिसत. त्यांत एक वृद्ध विणकर होते. हातमाग सुटून त्यांस बरींच वर्षें झालीं होतीं. पण दर आठवड्यास एक तिकीट घेण्याचा त्यांचा नेम सुटला नव्हता. आम्हीं एकदां त्यांस विचारलें, “काका, आजवर कधीं लागलें काय?” ते हंसून म्हणाले, “लागलं असतं तर इथं उभा राहिलो असतो का, मास्तर? पण न घेता लागत नाही, हे खरं.”

या उत्तरांतील पहिल्या वाक्यांत लॉटरीचें सर्व गणित आहे आणि दुसऱ्यांत तिचा सर्व इतिहास आहे. हीं दोन वाक्यें एकाच मुखीं एकत्र कशीं नांदतात, याचा शोध घेण्यासारखा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस जुगार हा विषय लेखणीस न शोभणारा वाटेल. परंतु ज्या गोष्टीवर सरकार आपली मुद्रा उमटवितें आणि गरीब मनुष्य आपली आशा ठेवतो, तिच्याकडे पाठ फिरविणें इतिहासाच्या अभ्यासकास परवडण्यासारखें नाहीं.

दैवावर पण लावण्याची प्रवृत्ति आपल्याकडे फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याची पश्चात्तापदग्ध वाणी आहे. त्यापुढें द्यूताची अधिक प्रखर निंदा आजवर क्वचितच झाली असेल. पण कौटिल्याची दृष्टि निराळी. अर्थशास्त्रांत त्यानें द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमला, खेळ एकाच ठिकाणीं व्हावा असा दंडक घातला, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच राजभाग ठरविला. ऋषीनें जुगाऱ्याच्या घराकडे पाहिलें; अमात्यानें राजाच्या कोशाकडे आणि नगराच्या बंदोबस्ताकडे पाहिलें. पुढील सर्व काळांत राज्यकर्त्यांचें मन या दोन दृष्टींमध्यें हेलकावे खात आलें आहे.

आज जिला आपण लॉटरी म्हणतों तिचें रूप मात्र पश्चिमेकडून आलें. इटलींतील जेनोआ नगरांत राज्यसभेचे पांच सभासद चिठ्ठ्या काढून निवडीत. कोणाचीं नांवें निघतील यावर लोक पैजा मारूं लागले आणि पुढें नांवांची जागा आकड्यांनीं घेतली. पुष्कळ आकड्यांतून थोडे निवडण्याच्या खेळाचें मूळ तेथें दाखविलें जातें. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत १५६९ सालीं बंदरांच्या दुरुस्तीसाठीं सरकारी सोडत झाली. तेथील जुन्या सरकारी लॉटऱ्या १८२६ मध्यें बंद पडल्या. पण तत्पूर्वींच ही युक्ति कंपनीसरकारच्या हिंदुस्थानांत रुजली होती. कलकत्त्याचा टाऊन हॉल लॉटरीच्या पैशांतून उभा राहिला आणि १८१७ सालीं नेमलेल्या लॉटरी कमिटीनें त्या शहरांतील कित्येक रस्ते व तलाव याच द्रव्यावर केले. कर बसविला तर रयत कुरकुरते. तिकीट विकलें तर तीच रयत रांग लावते! हा धडा राज्यकर्त्यांनीं तेव्हांच घेतला.

पुढें वारा फिरला. १८७० सालीं दंडविधानांत २९४-अ हें कलम घालून सरकारची परवानगी नसलेल्या लॉटरीचें कार्यालय चालविणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. मुंबई सरकारनें १९४८ मध्यें लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. त्या काळीं शब्दकोड्यांच्या स्पर्धांचें मोठें पीक आलें होतें. शब्द जुळविण्याच्या मिषानें प्रवेशमूल्य गोळा करावयाचें, आणि उत्तर मात्र बुद्धीनें निश्चित न होतां आधीं मोहोरबंद केलेल्या उत्तराशीं जुळेल तरच खरें मानावयाचें, असा त्यांतील कित्येकांचा प्रकार असे. बंगळुराहून चालणाऱ्या अशाच एका स्पर्धेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं निर्णय दिला कीं, जुगार हा व्यापार नव्हे; म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचें संरक्षण त्यास मिळावयाचें नाहीं. मात्र राज्यघटनेनें केंद्र व राज्य सरकारांनीं चालविलेल्या लॉटऱ्यांचा विषय संघसूचींत स्वतंत्रपणें नमूद करून ठेवला होता. अर्थात् जें प्रजेनें करूं नये तें सरकारास करतां येण्याचा दरवाजा उघडाच होता.

आतां पुन्हां सोलापुराकडे वळूं. १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या गिरणीनें या शहराचें रूप पालटलें. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग घरोघरीं वाजूं लागले. आणि हजारों स्त्रिया विड्या वळून संसारास हातभार लावूं लागल्या. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या कष्टकरी वस्तीच्या हातीं पगार पडे. पण पेढीवर पत नसे. लग्न, आजारपण, मागाची दुरुस्ती, यांस एकरकमी पैसा आणावयाचा कोठून? सावकार हा एक मार्ग. दुसरा मार्ग भिशीचा.

भिशीची घडण अत्यंत साधी आहे. समजा, वीस जणांनीं दरमहा पांचशें रुपये एकत्र केले, तर दहा हजार होतात. चिठ्ठ्या टाकून एकाचें नांव काढावयाचें व रक्कम त्यास द्यावयाची; पुढील महिन्यास तो वर्गणी देतो, पण त्याची चिठ्ठी टाकीत नाहींत. वीस महिन्यांत प्रत्येकास त्याचे दहा हजार मिळतात. येथें दैव केवळ क्रम ठरवितें. कोणाचें कांहीं हिरावून घेत नाहीं. चिठ्ठी तीच, बरणीही तीच, आणि नांव वाचलें जाईपर्यंतची छातींतील धडधडही तीच. परंतु या खेळांत हरणारा कोणी नसतो. बुडवणारा निघाला तर भिशी मोडते, हें खरें. म्हणून तिचा सारा आधार शेजारधर्मावर. लॉटरीविषयीं विचार करतांना ही घरगुती चिठ्ठी आम्हीं मापदंड म्हणून मनाशीं धरली आहे.

भिशीच्या अगदीं उलट टोंकास मटका. त्याचा जन्म, चमत्कार असा कीं, कापसाच्याच पोटीं झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांत दर उघडतांना व मिटतांना जे आकडे येत, ते तारेनें मुंबईस कळत आणि त्यांवर सट्टा लागे. १९६१ च्या सुमारास ही वाट बंद झाल्यावर मुंबईंतच आकडा काढण्याची तोड निघाली. १९६२ मध्यें कल्याणजी भगत यांनीं वरळीस आणि १९६४ मध्यें रतन खत्री यांनीं स्वतंत्रपणें हा खेळ मांडला. पत्त्यांतून तीन पानें काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक घ्यावयाचा. एकदां ‘ओपन’ व एकदां ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी. गिरणगांवांतून हा रोग राज्यभर पसरला आणि सोलापूरही त्यास अपवाद राहिलें नाहीं. दिवसा ज्यानें कापसाचें सूत काढावयाचें, त्यानेंच रात्रीं कापसाच्या वंशांतील आकड्यावर मजुरी लावावयाची, असा हा दैवदुर्विलास होता.

सरकारी लॉटरीचा पुनर्जन्म याच दशकांतला. केरळानें १९६७ सालीं राज्याची लॉटरी काढली. एक रुपयाचें तिकीट, पन्नास हजारांचें पहिलें बक्षीस आणि २६ जानेवारी १९६८ रोजीं पहिली सोडत. महाराष्ट्रानें १२ एप्रिल १९६९ रोजीं, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना, आपली लॉटरी स्थापन केली. मटक्याच्या व खासगी ठकबाजीच्या तावडींतून सामान्य माणसास सोडवावें, त्याच्या हौसेस कायदेशीर मार्ग द्यावा आणि विकासाच्या कामांस द्रव्य मिळवावें, असा तिचा घोषित हेतु. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष तेवीस शतकांनंतर पुन्हां अवतरला, असेंच म्हणावयाचें!

पुढें राज्याराज्यांच्या लॉटऱ्या एकमेकींच्या प्रांतांत शिरल्या, एका अंकावर बक्षिसें देणाऱ्या सोडती निघाल्या, आणि सरकारच्या नांवाखालीं मटकाच चालूं लागला. म्हणून संसदेनें १९९८ सालीं लॉटरी नियमन कायदा केला. त्याच्या अटी लक्ष देऊन वाचण्यासारख्या आहेत. एका अंकावर किंवा आधीं जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस देऊं नये. एका लॉटरीची आठवड्यांत एकाहून अधिक सोडत नसावी. वर्षांत सहांहून अधिक बंपर सोडती नसाव्या. तिकीट सरकारनें छापावें, सोडत सरकारनें आपल्याच राज्यांत काढावी आणि जमा सरकारी खात्यांत भरावी. यांतील पहिल्या दोन अटींत कायदेकर्त्यांनीं मटक्याची नाडी अचूक पकडली आहे, असें आम्हांस वाटतें.

तें कसें, हें पाहावयाचें तर थोडें गणित करावें लागेल. मटक्यांत जोडी लागण्याचा संभव शंभरांत एक आणि लागल्यास साधारणतः नव्वद पट मिळत. म्हणजे शंभर रुपयांमागें दहा रुपये चालविणाऱ्याचे. सरकारी लॉटरींत समजा दहा रुपयांचीं दहा लाख तिकिटें विकलीं आणि जमा झालेल्या एक कोटीपैकीं निम्मे बक्षिसांस गेले, तर दहाच्या तिकिटाची खरी किंमत पांच रुपये भरते. रुपयास रुपया लावून पाहिलें तर सरकार मटकेवाल्याहून अधिक कापतें! मग भेद कशांत? भेद वारंवारतेंत आहे. रोज दोनदां दहावा हिस्सा गमावणारा मजूर महिन्याभरांत सारा पगार घालवितो. आठवड्यास एक तिकीट घेणारा वर्षाकाठीं बावन्न तिकिटांचे पांचशें वीस रुपये घालवितो, आणि अधिक घालविण्याची त्यास उधारीही मिळत नाहीं. म्हणून सोडतींमधील अंतर हीच लॉटरीच्या सभ्यतेची एकमेव भिंत होय.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रावर आकडे निवडण्याच्या लॉटऱ्या आपल्याकडे आल्या आणि ‘जॅकपॉट’ हा शब्द घरोघरीं झाला. एकापासून एकूणपन्नासपर्यंतच्या आकड्यांतून सहा निवडावयाचे. सहाही जुळले तर महाबक्षीस. इंग्लंडची राष्ट्रीय लॉटरी १९९४ सालीं याच मापानें सुरू झाली. असे सहा-सहांचे गट होतात १ कोटी ३९ लक्ष ८३ हजार ८१६. कोणास लागलें नाहीं तर ती रक्कम पुढील सोडतींत मिळविली जाते. बक्षीस फुगतें, वर्तमानपत्रांतून गाजतें, आणि पूर्वीं न घेणारेही तिकीट घेतात. म्हणजे न लागणें हेंच या खेळाचें इंधन! दर आठवड्यास एक गट लावणाऱ्यास सर्व गट संपविण्यास सुमारें २ लक्ष ६९ हजार वर्षें लागतील. शालिवाहन शकास अद्याप दोन हजार वर्षें पुरीं झालेलीं नाहींत. इतकें करून लागलेंच, तर बक्षिसावर शेंकडा तीस आयकर आहेच. यंत्राच्या सोडतींनीं वेळेचें अंतरही तोडूं पाहिलें, आणि वर सांगितलेली भिंत त्या ठिकाणींच खचली.

गिरण्यांचे भोंगे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोलापुरांत एकामागून एक बंद झाले. ज्यास दर महिन्यास पगार येतो तो भिशी लावतो, कारण वीस महिन्यांनंतरही आपण वर्गणी देऊं असा त्यास भरंवसा असतो. ज्याचा पगार गेला त्याची भिशीही जाते. मग दहा रुपयांत विकत मिळणारी आशा तेवढी उरते. त्या वृद्ध विणकरांस गणित कळत नव्हतें असें मानणें हा त्यांचा अपमान होईल; आम्हीं वर जें लांबलचक मांडलें तें त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें होतें. त्यांचें तिकीट ही मूर्खपणाची खूण नसून, एकरकमी पैसा हातीं येण्याचे बाकीचे मार्ग मिटल्याची ती पावती होती.

सोलापुरांत दर वर्षीं संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. त्या वेळीं उपाशी ठेवलेल्या वासरापुढें धान्यादि वस्तु मांडून भाकणूक होते. तें कशास तोंड लावतें यावरून पाऊसपाण्याचा व बाजाराचा अंदाज बांधतात. भाकणूक खरी ठरो वा न ठरो, तिच्यासाठीं कोणाच्या खिशांतून कांहीं जात नाहीं, आणि जें सांगितलें जातें तें साऱ्या गांवाचें असतें. दैवाची वार्ता समाजानें मिळून ऐकण्याची ही एक रीत. तिकीट घेऊन ती एकट्यानें ऐकण्याची दुसरी. सरकारनें लॉटरी बंद करावी कीं नाहीं, या वादांत निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं. बंदीच्या पोटीं मटका जन्मतो, हें इतिहासानें दाखविलेंच आहे. तथापि सोडतींतून कोशांत येणारा पैसा कोणाच्या घरून येतो, याचा हिशेब विकासाच्या हिशेबाशेजारींच मांडला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

असो. आम्हीं सोलापूर सोडलें त्या आठवड्यांतही ते काका टेबलापाशीं होते. निकालाचा कागद त्यांनीं चष्मा सांवरून दोनदां वाचला, जुनें तिकीट चार घड्या करून खिशांत ठेवलें, आणि नव्यासाठीं दहाची नोट पुढें केली. आम्हीं या वेळीं कांहीं विचारलें नाहीं.